श्वानदंश आणि रेबीज : उपाय दाराशी, विलंब घरात

वार्षिक अहवालाच्या उत्तरार्धात आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाची सविस्तर माहिती सभासद, देणगीदार आणि परिसरातील नागरिक यांच्यापुढे ठेवण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी रेबीज हा विषय निवडला आहे. आम्ही स्वतः वैद्यकीय व्यवसायातील नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन रुग्णालयाच्या प्रशासनात आलो आणि येथेच स्थिरावलो. तरीही हा विषय लिहावयास घेतला, याचे कारण असे की रेबीजने होणारा मृत्यू हा बहुधा औषधाच्या अभावी होत नाही. तो माहितीच्या अभावी, संकोचापायी किंवा दिरंगाईपायी होतो. या गोष्टी शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर केसपेपरच्या खिडकीवर आणि इंजेक्शन कक्षाच्या नोंदवहीत अधिक स्पष्ट दिसतात. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नजरेखालून घातला आहे.

प्रारंभी दोन प्रसंग सांगणे अगत्याचे वाटते.

काही वर्षांपूर्वी, दहीहंडीच्या सुमारास, जवळच्या एका चाळीतील माउली आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन अपघात विभागात आली. मुलाला आंघोळ घालताना त्याच्या पोटरीवर दातांचे व्रण तिच्या दृष्टीस पडले. चाळीच्या मागील बोळात खेळताना कुत्रा चावल्याला तोवर नऊ दिवस उलटले होते. 'बाबा ओरडतील आणि पोटात चौदा सुया घेतील' या धास्तीने मुलाने घरी काही सांगितलेच नव्हते. त्याच दिवशी उपचार सुरू झाले, पुढील सर्व तारखा त्या माउलीने काटेकोरपणे पाळल्या आणि मुलगा सुखरूप राहिला.

दुसरा प्रसंग हमालीचे काम करणाऱ्या एका चाळिशीतील गृहस्थांचा. घशाचा विकार असावा, पाणी गिळवत नाही, अशी तक्रार घेऊन ते बाह्यरुग्ण विभागात आले. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा सोबतच्या पत्नीला आठवले, की दोन-अडीच महिन्यांपूर्वी त्यांनी गल्लीतले एक आजारी पिल्लू उचलून घरी आणले होते; त्याचा दात हाताला लागला होता; जखमेवर चुना भरला होता; आणि पिल्लू चार दिवसांत मेले होते. पाण्याचा पेला पुढे करताच त्यांच्या मानेच्या स्नायूंना आलेला झटका ज्यांनी पाहिला, ते आमचे कर्मचारी तो अद्याप विसरलेले नाहीत. त्यांना संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात पाठविण्यात आले. तिसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांचे बिऱ्हाड आमच्या रुग्णालयापासून चालत सात-आठ मिनिटांच्या अंतरावर होते. श्वानदंशाच्या आमच्या नोंदवहीत मात्र त्यांचे नाव कधीच आले नाही.

हा लेख त्या न आलेल्या नावासाठी आहे.

रोगाचे स्वरूप

रेबीज हा विषाणूजन्य रोग आहे. बाधित जनावराच्या लाळेत हा विषाणू असतो व चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवरील चाटणे यांमधून तो शरीरात शिरतो. इतर अनेक रोगांचे जंतू रक्तातून पसरतात. रेबीजचा विषाणू मात्र मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. हा प्रवास सामान्यतः एक ते तीन महिन्यांचा असतो. क्वचित तो आठवड्याच्या आत पूर्ण होतो, तर क्वचित वर्षाहून अधिक काळ लांबतो. चावा डोके, चेहरा, मान किंवा हाताची बोटे अशा मज्जातंतूंनी समृद्ध भागावर असेल, तर धोका अधिक व अवधी कमी. मुलांची उंची कमी असल्याने त्यांना चेहऱ्याजवळ चावे बसतात, हेही येथे ध्यानी घ्यावे.

विषाणू वाटेत असेपर्यंत मनुष्य पूर्णपणे धडधाकट दिसतो. जखम भरून येते, मनुष्य कामावर जातो आणि प्रसंग विसरतो. हाच काळ उपचाराचा असतो. विषाणू मेंदूत पोहोचला की प्रथम जखमेच्या जागी मुंग्या किंवा खाज, ताप, डोकेदुखी, अस्वस्थता अशी लक्षणे उद्भवतात. पुढे पाणी गिळताना घशाचे स्नायू आखडतात, वाऱ्याच्या झुळुकेनेही झटके येतात. काही रुग्णांत ही लक्षणे न दिसता केवळ अंग लुळे पडत जाते. लक्षणे प्रकट झाल्यानंतर रेबीजवर आजही खात्रीचा उपाय नाही. मृत्यू जवळजवळ अटळ असतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशाचे वर्णन आले असून, ज्याला जलत्रास झाला तो वाचत नाही, असेच तेथे सांगितले आहे. इतक्या शतकांत वैद्यकाने केलेली प्रगती ही त्या अवस्थेनंतरची नाही, तिच्या आधीची आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

जगात रेबीजने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणे कुत्र्यामुळे घडतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या वतीने २०२२-२३ मध्ये देशातील ६० जिल्ह्यांत झालेल्या पाहणीवरून भारतात वर्षाकाठी सुमारे ९१ लाख प्राणिदंश आणि सुमारे ५,७०० रेबीज-मृत्यू होतात, असे अनुमान निघाले. कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांनी लशीचा एकही डोस घेतलेला नव्हता, असेही त्या पाहणीत आढळले. चौकशीअंती कळलेल्या त्या गृहस्थांची गणना याच पंचमांशात होते.

परळ-चिंचपोकळीचा वारसा

रेबीजशी चाललेल्या लढ्याची अनेक ठाणी आपल्या याच परिसरात आहेत, ही गोष्ट येथील नव्या पिढीला फारशी ठाऊक नसते.

मुंबईत पिसाळलेल्या कुत्र्यांचा प्रश्न दोनशे वर्षांचा आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची मोहीम निघत असे. १८३२ सालच्या जून महिन्यात या मोहिमेविरुद्ध फोर्ट भागात पारशी समाजाने उठाव केला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. त्या दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. भूतदया आणि लोकरक्षण यांची सांगड कशी घालावी, हा वाद त्या दिवसापासून या शहरात चालू आहे.

औषधोपचाराचा मार्ग फ्रान्समध्ये सापडला. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला आपली लस टोचविली आणि तो वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. हिंदुस्थानात १९०० साली कसौली येथे पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. तेथील डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची जी पद्धत बसविली, तीच पुढे देशभर रूढ झाली.

मुंबईपुरते पाहिले तर १८९६ च्या प्लेगने हा परिसर वैद्यकाच्या नकाशावर आणला. प्लेगच्या रुग्णांना ज्या आर्थर रोड रुग्णालयात ठेवण्यात आले, ते आज साने गुरुजी मार्गावरील महापालिकेचे कस्तुरबा रुग्णालय होय; संसर्गजन्य रोगांसाठी आजही संपूर्ण मुंबई चिंचपोकळीकडेच पाहते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस व उपचार यांसाठी ही संस्था घराघरांत परिचित झाली. लशींच्या उत्पादनासाठी १९७५ मध्ये हाफकिनचे स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. तेथून जवळच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचे रुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसाचे औषध, जनावराचे औषध आणि लशीचे संशोधन या तिन्ही गोष्टी इतक्या जवळ असलेला भाग देशात विरळाच. अशा भागात राहूनही कोणी रेबीजने जावे, यासारखी खंत करण्याजोगी दुसरी गोष्ट नाही.

चौदा इंजेक्शनांची भीती

त्या दहा वर्षांच्या मुलाने चावा का लपविला? त्याने स्वतः कधीही न पाहिलेल्या चौदा सुयांच्या धाकाने. ही भीती निराधार नव्हती. ती कालबाह्य आहे, एवढेच. सेंपल यांच्या पद्धतीची लस खरोखरच पोटाच्या त्वचेखाली, रोज एक याप्रमाणे, गंभीर चाव्यासाठी चौदा दिवसांपर्यंत टोचावी लागे. गिरणीत कामाला असलेल्या माणसाचे त्यात दोन आठवडे जात. टोचलेल्या जागा सुजत. मेंढीच्या मेंदूचा अंश त्या लशीत असल्याने क्वचित लुळेपणासारखे गंभीर दुष्परिणामही होत. आजी-आजोबांनी ते सोसले, नातवंडांना ऐकविले आणि ती कथा आजही चाळीच्या जिन्यात मुलांना दटावण्यासाठी सांगितली जाते.

मेंदूपासून बनविलेली ती लस २००४ अखेर भारतात पूर्णतः बंद झाली. आज वापरात असलेली लस पेशींच्या संवर्धनातून तयार होते. ती दंडावर दिली जाते, पोटात नाही. डोस चार किंवा पाच भेटींचे असतात. दंडावर थोडी दुखरी जागा, कधी किंचित कणकण, यापलीकडे सहसा त्रास होत नाही. गर्भवती व स्तनदा मातांनाही ती निर्धोकपणे देता येते. आमची पालकांना कळकळीची विनंती आहे, की मुलांना दटावण्यासाठी चौदा सुयांचा उल्लेख यापुढे कृपया करू नये. चावा लपविण्याची शिकवण आपण नकळत याच वाक्यातून देत असतो.

चावल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे

रेबीजविरुद्धचा पहिला उपचार रुग्णालयात होत नाही, तो घरच्या नळाखाली होतो. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते; साबण ते आवरण विरघळवितो आणि विषाणू निष्प्रभ होतो. त्यासाठी औषधी साबण हवाच असे नाही. कपड्यांचा साबणही चालेल. चाळीत पाणी ठरावीक वेळीच येते, हे आम्ही जाणतो. अशा वेळी पिंपातील पाणी तांब्याने संथ धारेने ओतावे, पण धुणे टाळू नये. घड्याळ समोर ठेवावे. पंधरा मिनिटे वाटतात त्याहून बरीच मोठी असतात. त्यानंतर पोव्हिडोन आयोडिनसारखे जंतुनाशक उपलब्ध असल्यास लावावे.

काय करू नये, तेही तितकेच महत्त्वाचे. लालबागच्या बाजारातून वर्षाचा मसाला भरणारी आपली मंडळी कुत्र्याच्या चाव्यावर तिखट चोळण्याचा जुना उपाय अद्याप करतात. तिखट, चुना, हळद, तेल, तंबाखू, कॉफीची पूड यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्यामुळे विष उतरत नाही. उलट जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जाण्याचा संभव असतो. जखम घट्ट बांधू नये. टाके घालण्याची घाई करू नये. ते अटळ असल्यास सीरम दिल्यानंतर डॉक्टर ठरवतील. अंगारा, मंत्र, विष उतरविणारे जाणकार यांच्यामागे गेलेला वेळ परत मिळत नाही. श्रद्धा ज्याची त्याने जपावी, परंतु प्रथम जखम धुवावी व रुग्णालय गाठावे.

जखमेचे तीन वर्ग

रुग्णालयात आल्यावर डॉक्टर जखमेचा वर्ग ठरवितात. उपचार त्यावर अवलंबून असल्याने नागरिकांनाही ते ठाऊक असणे इष्ट.

पहिला वर्ग : प्राण्याला स्पर्श केला, खाऊ घातले किंवा अखंड त्वचेवर त्याने चाटले. हात स्वच्छ धुणे पुरेसे. लशीची आवश्यकता नाही.

दुसरा वर्ग : उघड्या त्वचेवर हलके दात लागले किंवा रक्त न येणारा ओरखडा उठला. जखम धुणे आणि लशीचा संपूर्ण क्रम आवश्यक.

तिसरा वर्ग : त्वचा भेदून रक्त आणणारा एक किंवा अनेक चावे अथवा ओरखडे, फाटलेल्या त्वचेवर चाटणे, डोळे, तोंड यांच्या आतील नाजूक त्वचेला लाळ लागणे, तसेच वन्य प्राण्याचा चावा. येथे जखम धुणे व लस यांच्या जोडीला रेबीजविरोधी सीरमही आवश्यक.

मुलाच्या बाबतीत शंका असेल तर जखम वरच्या वर्गातील समजूनच डॉक्टरांना दाखवावी. 'नुसता ओरखडा आहे' हे वाक्य आमच्या खिडकीवर फार वेळा ऐकू येते. रक्ताचा एक थेंब आला असला तरी तो ओरखडा तिसऱ्या वर्गात जातो.

लस आणि सीरम यांतील फरक

या दोहोंतला भेद पुष्कळ सुशिक्षितांनाही स्पष्ट नसतो. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर लस ही मुदत ठेव आहे आणि सीरम ही रोख रक्कम. लस शरीराला स्वतःची प्रतिकारद्रव्ये निर्माण करण्यास शिकविते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत विषाणू मज्जातंतूत शिरू नये म्हणून तयार प्रतिकारद्रव्ये थेट जखमेत व तिच्या सभोवती टोचली जातात, तेच सीरम. ते घोड्याच्या रक्तापासून किंवा मानवी रक्तापासून मिळते आणि त्याची मात्रा रुग्णाच्या वजनानुसार ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेले, रक्तावर अवलंबून नसलेले प्रतिकारद्रव्यही आता उपलब्ध आहे. सीरम पहिल्या लशीच्या दिवशीच द्यावयाचे असते. काही कारणाने राहिले तर पहिल्या लशीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. त्यानंतर त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून तिसऱ्या वर्गाच्या जखमेस केवळ दंडावर लस घेऊन समाधान मानू नये. सीरम दिले का, हे रुग्णाने स्वतः विचारावे. असे विचारणे हा डॉक्टरांचा अवमान नव्हे.

लस देण्याच्या दोन पद्धती आहेत. स्नायूत द्यावयाची असल्यास ० (म्हणजे पहिल्या लशीचा दिवस), ३, ७, १४ व २८ या दिवशी प्रत्येकी एक, असे पाच डोस होतात. त्वचेत द्यावयाची असल्यास ०, ३, ७ व २८ या चार दिवशी दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिलिलिटर देतात. लहान बालकांना मांडीवर लस देतात. कमरेखाली, कुल्ल्यावर ती कधीही घेऊ नये, कारण तेथे ती नीट लागू पडत नाही. त्वचेतील पद्धतीस भारतात २००६ साली मान्यता मिळाली. तिच्यात एका रुग्णाचा संपूर्ण क्रम ०.८ मिलिलिटरमध्ये होतो. स्नायूतील पद्धतीत मात्र पाच पूर्ण कुप्या लागतात. गुण दोन्हींचा सारखाच. धर्मादाय रुग्णालयाच्या दृष्टीने हा फरक किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगावयास नको. मात्र उघडलेली कुपी थोड्या तासांतच वापरून संपवावी लागते. म्हणून आमच्याकडे या लशीच्या वेळा ठरावीक ठेवल्या आहेत. रुग्णांनी त्याबद्दल रोष मानू नये. तथापि पहिला डोस घेण्यास आलेल्या कोणासही वेळेचे कारण सांगून परत पाठविले जात नाही.

लस दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानातच ठेवावी लागते. भांडार विभागातील शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा नोंदविले जाते. बाहेरून लस विकत आणणाऱ्यांनी ती खिशात किंवा दप्तरात घालून न आणता बर्फाच्या पिशवीतून आणावी.

रिकामा राहणारा शेवटचा रकाना

श्वानदंशाच्या आमच्या नोंदवहीत प्रत्येक रुग्णापुढे तारखांचे रकाने असतात. पहिला रकाना सर्वांचा भरलेला असतो. दुसरा, तिसरा बहुतेकांचा. शेवटचा रकाना मात्र पुष्कळदा रिकामा राहतो. फोन केल्यास उत्तरे ठरलेली असतात. जखम भरली; गावी गेलो होतो; रजा मिळाली नाही; कुत्रा तर रोज दिसतो.

जखम भरणे आणि धोका टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर सांगितलेच. गावी जावयाचे असल्यास केसपेपर सोबत न्यावा; पुढील डोस कोणत्याही शासकीय रुग्णालयात घेता येतो. एखादी तारीख चुकली तर क्रम सोडून देऊ नये, शक्य तितक्या लवकर येऊन तो पुढे चालू करावा.

कुत्रा जिवंत असल्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धेच. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत विषाणू आला, की ते जनावर सहसा दहा दिवसांत मरते. म्हणून चावल्यापासून दहा दिवस ते निरोगी राहिले, तर पुढील डोसांबाबत डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. परंतु उपचार पहिल्याच दिवशी सुरू झाले पाहिजेत. दहा दिवस वाट पाहून नव्हे. शिवाय रोज दिसणारा कुत्रा तोच आहे, हे कोण सांगणार? निर्णय डॉक्टरांवर सोडावा, आपण परस्पर घेऊ नये.

यापूर्वी संपूर्ण क्रम घेतलेल्या व्यक्तीला पुन्हा चावा बसल्यास ० व ३ या दिवशी केवळ दोन डोस पुरतात आणि सीरम लागत नाही. याकरिता जुना केसपेपर जपून ठेवावा. शिधापत्रिकेसोबत त्यालाही जागा द्यावी, असे आम्ही रुग्णांना सांगत असतो.

काही शंका आणि त्यांचे समाधान

घरच्या पाळीव, लस दिलेल्या कुत्र्याने चावल्यास? जखम धुऊन डॉक्टरांना दाखवावे व कुत्र्याच्या लशीची नोंद सोबत आणावी. केवळ ओळखीचा कुत्रा आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. पिल्लांनाही रेबीज होतो.

मांजर व माकड? दोघांपासूनही धोका आहे, उपचार कुत्र्याप्रमाणेच.

उंदीर? आपल्या जुन्या इमारतींमध्ये हा प्रश्न नेहमी येतो. उंदीर वा घुशीच्या चाव्यानंतर रेबीजची लस सहसा लागत नाही. पण जखम धुवावी व धनुर्वात आणि अन्य संसर्गासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रुग्णाच्या सहवासातून घरच्यांना रेबीज होतो काय? नुसत्या सहवासाने होत नाही. लाळेचा संपर्क जखमेशी वा डोळ्यांशी आला असल्यास डॉक्टर लस देतात. ज्या घरात असा मृत्यू झाला त्या घराला शेजाऱ्यांनी वाळीत टाकू नये. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या पत्नीला तो अनुभव आला, हे सांगताना आम्हांस खेद होतो.

कुत्र्यांचा प्रश्न

कुत्री मारून हा रोग हटत नाही, हे मुंबईने दीर्घकाळ अनुभवले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत शहरात कुत्री मारण्याचे धोरण होते. रिकामी झालेली जागा नवी कुत्री भरून काढीत. २००१ मध्ये केंद्र शासनाने श्वान निर्बीजीकरणाचे नियम केले व २०२३ मध्ये ते नव्याने जारी झाले. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री आढळली. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना सातत्याने लस दिली, तर रोगाची साखळी तुटते, हा जगभरचा अनुभव आहे. शेजारच्या गोव्याने तो खरा करून दाखविला. घरोघरी व गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस देण्याची मोहीम तेथे शासन आणि स्वयंसेवी संस्था यांनी वर्षानुवर्षे चालविली, शाळांतून मुलांना शिक्षण दिले आणि तीन वर्षांत माणसाचा एकही रेबीज-मृत्यू न नोंदल्यावर २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाला. केंद्र शासनाने २०२१ मध्येच २०३० पर्यंत कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे.

श्वानप्रेमी व श्वानविरोधी असे दोन तट आपल्याही वस्तीत आहेत. निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनीच महापालिकेच्या लसीकरण पथकाला त्यांना पकडण्यास मदत केली, तर ते काम निम्म्या वेळात होते. ओळखीच्या माणसाच्या हाकेला कुत्रा येतो, जाळ्याला येत नाही. कचरा उघड्यावर न टाकणे हाही या कामातील वाटा आहे.

मुलांना तीन गोष्टी शिकवाव्यात. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला डिवचू नये. कुत्रा अंगावर आल्यास पळू नये, स्तब्ध उभे राहावे. आणि चावल्यास, दात लागल्यास किंवा ओरखडल्यास त्याच क्षणी घरी सांगावे. कोणी रागावणार नाही. यातील तिसरी गोष्ट पाळण्याची जबाबदारी मुलांची नसून आपली आहे.

रुग्णालयाचा वाटा व आवाहन

शासकीय व महापालिका रुग्णालयांत रेबीजची लस विनामूल्य मिळते. आमच्याकडे येणाऱ्या गरजू रुग्णांचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून व देणगीदारांच्या साहाय्याने भागविला जातो. पैसे नाहीत म्हणून श्वानदंशाचा रुग्ण परत गेला, असे होऊ द्यावयाचे नाही, ही विश्वस्त मंडळाची स्पष्ट सूचना आहे आणि खिडकीवरील प्रत्येक कर्मचाऱ्याला ती माहीत आहे.

गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, शाळा आणि गृहनिर्माण संस्था यांना आमची विनंती आहे, की आपल्या फलकावर वर्षातून एकदा तरी चार ओळी लिहाव्यात : जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा. त्याच दिवशी रुग्णालयात या. सीरमविषयी विचारा. शेवटच्या तारखेपर्यंत या. कोणत्याही मंडळाने बोलाविल्यास आमच्या परिचारिका येऊन अर्ध्या तासात प्रात्यक्षिकासह माहिती देतील.

आम्ही आयुष्यभर जमाखर्च पाहिला. ताळेबंदातील चूक पुढील वर्षी दुरुस्त करता येते. या रोगात तशी सवड मिळत नाही. सवड असते ती लक्षणे दिसण्यापूर्वी, आणि तीही पुरेशी असते. ती वाया जाऊ न देणे आपणां सर्वांच्या हाती आहे. पुढील वर्षी नोंदवहीतील शेवटचा रकाना अधिक भरलेला दिसावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून हा लेख पूर्ण करतो.